माठातलं इन्सुलिन

या वीकेंडचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. विषयाचं नाव आहे ‘मळसूत्री पॉलिपेप्टाइड साखळ्यांची कंपन स्पेक्ट्रोस्कोपी’. परवा ऑफिसात लंचला मी हे नाव उच्चारलं, तर टेबलावरच्या चार जणांपैकी दोघांनी फोन बाहेर काढले आणि तिसऱ्याने विचारलं, “सर्टिफिकेशन आहे का याचं?” :)

नाही, सर्टिफिकेशन नाही. पण तुमच्या घरात कोणी मधुमेही असेल आणि फ्रिजमध्ये इन्सुलिनची बाटली असेल, तर हा विषय तुमच्या घरी केव्हाच येऊन बसलाय. आमच्या घरी तो कसा आला ते आधी सांगतो.

आमची आजी निडीला असते. पेणहून रोहा गाडी पकडली की नागोठणे येतं, मग निडी, आणि पुढे रोहा. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे स्टेशन माहीत असण्याचं काही कारण नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगड जिल्ह्यात विजेचे खांब अक्षरशः काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले. वर लॉकडाऊन. मी पुण्यात, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, मांडीवर लॅपटॉप. दोन दिवस निडीला कोणाचाच फोन लागेना. तिसऱ्या दिवशी काकाचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून तो कुठेतरी उंचावर जाऊन उभा होता, मागे वारा ऐकू येत होता.

“आम्ही बरे आहोत. पत्रे गेले, आंबा पडला. ते होईल. पण आईच्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या फ्रिजमध्ये आहेत आणि फ्रिज म्हणजे आता नुसतं कपाट. लाईट कधी येईल काही नेम नाही. वापरू की टाकू? तू इंजिनियर ना, सांग.”

आता मी कम्प्युटरचा इंजिनियर, पण आपल्याकडे इंजिनियर म्हणजे इंजिनियर! मी म्हटलं, रोह्याहून नवीन आण. तर काका म्हणाला, “तिथल्या दुकानाचा फ्रिज कुठे चालू आहे? त्यांच्या बाटल्या पण माझ्यासारख्याच.” मुद्दा बिनतोड होता. काकूने मासळीचा बर्फ सुचवला होता, त्यावर आजीने मागूनच सांगून टाकलं की माझं औषध बोंबलांशेजारी ठेवायचं नाही. मग काकाने माठात थोडं पाणी घेऊन, बाटल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून, डबा त्यात ठेवला होता. डॉक्टरांना फोन लागला तेव्हा त्यांनी सांगितलं की वापरा, पण रोज दोनदा साखर मोजा, आकडे वहीत लिहा, आणि आकडा चढत गेला तर लगेच कळवा.

पण काकाचा खरा प्रश्न पुढचा होता. “दूध नासलं तर फाटतं, वास येतो. अंडं खराब झालं तर कळतं. हे खराब झालं तर कळणार कसं?”

आजीचं इन्सुलिन ३०/७० वालं, म्हणजे मुळातच दुधाळ. बिघडल्यावर गाठी दिसतात, बाटलीच्या आत पांढरा थर चिकटतो, हे खरं. पण त्याच्या आधीच ताकद कमी झालेली असू शकते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वास नाही, रंग नाही. तो बिघाड दिसतो कशात? उत्तर शोधता शोधता मी त्या लांबलचक नावाच्या विषयात जाऊन पडलो, आणि खरं सांगायचं तर अजून बाहेर आलेलो नाही.

आधी हे पाहू की बिघडतं म्हणजे नक्की काय होतं. इन्सुलिन हे छोटंसं प्रथिन, ५१ अमिनो आम्लांचं. एक साखळी २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची, दोन्ही गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या. मण्यांचा क्रम फ्रेडरिक सँगरने १९५० च्या दशकात शोधला. पण नुसत्या क्रमाने काम होत नाही. साखळी एका ठराविक आकारात दुमडलेली असावी लागते. तो आकार डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये क्ष-किरणांनी उलगडला, आणि त्या गटात आपले एम. विजयन होते, जे पुढे बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले. त्या आकारात तीन छोटी मळसूत्रं दिसली. स्क्रूच्या आट्यांसारखी गुंडाळलेली साखळी, यालाच अल्फा हेलिक्स म्हणतात. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये तो मांडला. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, म्हणजे प्रत्येक मणी आधीच्यापेक्षा १०० अंशांनी वळलेला. आणि प्रत्येक मण्याचा ऑक्सिजन चार घरं पुढच्या मण्याच्या हायड्रोजनला हलकासा धरून ठेवतो. या हलक्या पकडींवर सगळा डोलारा उभा.

उष्णता मिळाली, बाटली खूप हलली, आत हवेचे बुडबुडे झाले, की या पकडी सुटू शकतात. रेणू थोडा उलगडतो, शेजारच्या उलगडलेल्या रेणूला चिकटतो, आणि मळसूत्राच्या जागी सपाट पट्ट्या एकावर एक रचल्या जाऊन धागे तयार होतात. अंडं उकडल्यावर पांढरं होतं तेव्हा साधारण याच जातीचा प्रकार घडतो. गंमत बघा, अणू तेच, मण्यांचा क्रम तोच. वजन केलं तर रतीभर फरक नाही. फक्त आकार गेला. आणि आकार गेला म्हणजे औषध गेलं. सोर्स कोड जसाच्या तसा, पण प्रोग्रॅम चालत नाही, अशातली गत!

मग आकार तपासायचा कसा? दर वेळी स्फटिक बनवून क्ष-किरण मारणं शक्य नाही. इथे कंपनं कामाला येतात.

रेणूतले अणू स्वस्थ बसलेले नसतात. प्रत्येक बंध स्प्रिंगसारखा आत-बाहेर होत असतो. प्रथिनाच्या प्रत्येक सांध्यावर कार्बन आणि ऑक्सिजनचा एक दुहेरी बंध असतो, आणि तो सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा थरथरतो. तेवढ्याच वारंवारतेचा इन्फ्रारेड प्रकाश, म्हणजे सुमारे ६ मायक्रॉन तरंगलांबीचा, त्याच्यावर पडला की तो शोषला जातो. स्पेक्ट्रोस्कोपीवाले हे ‘प्रति सेंटिमीटर किती लाटा’ या मापात मोजतात. या बंधाचा पट्टा १६०० ते १७०० च्या दरम्यान येतो आणि त्याला ‘अमाइड एक’ म्हणतात.

खरी मौज पुढे आहे. हा आकडा सगळ्या प्रथिनांत सारखा नसतो. मळसूत्रात असलेल्या साखळीचा पट्टा साधारण १६५० ते १६५५ ला येतो, आणि सपाट पट्ट्यांत रचलेल्या साखळीचा १६२० ते १६४० ला. रासायनिकदृष्ट्या बंध तोच, पण शेजारी कसे बसलेत त्यावरून त्याचा सूर बदलतो. इंग्लंडात एलियट आणि अ‍ॅम्ब्रोज यांनी कृत्रिम पॉलिपेप्टाइडमध्ये हा फरक १९५० मध्येच टिपला होता, म्हणजे पॉलिंगचा हेलिक्स छापून येण्याच्या एक वर्ष आधी. दुमडलेली साखळी आणि ताणलेली साखळी वेगळा सूर लावतात हे माहीत होतं. दुमड नक्की कशी आहे ते नंतर कळलं.

सूर का बदलतो? एक कारण म्हणजे त्या हायड्रोजनच्या पकडीने बंध थोडा सैल होतो. पण दुसरं कारण मला जास्त आवडलं. ते समजायला पेणच्या गणपतीची मिरवणूक आठवा, म्हणजे पुढचं लेझीम पथक. समजा शंभर पोरं एका रांगेत आहेत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून हात हलवतोय. कोणीच एकटा हलत नाही. सगळी रांग मिळून एक लाट होते. सगळे एकदम हात वर करतील किंवा प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडा उशिरा करेल. शेजाऱ्यांमधला हा उशीर किती, त्यावर लाटेचं रूप ठरतं. मळसूत्रातले कार्बन-ऑक्सिजन बंध असेच एकमेकांना ‘ऐकून’ हलतात.

आता लांबून बघणाऱ्याला काय दिसेल? मळसूत्रात हे बंध बहुतांशी अक्षाच्या दिशेने आणि थोडेसे बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात, आणि ती बाजू दर मण्याला १०० अंशांनी फिरते. सगळे एकाच ठेक्यात हलले तर अक्षाच्या दिशेचे झोके एकमेकांत मिळून मोठे होतात आणि बाजूचे झोके एकमेकांना खोडतात. उलट प्रत्येक जण बरोब्बर १०० अंश उशिरा हलला तर बाजूचे झोके मिळून येतात आणि अक्षाचे खोडले जातात. बाकी कुठल्याही उशिराला सगळंच खोडलं जातं, आणि इन्फ्रारेड प्रकाशाला तिथे काही दिसतच नाही. म्हणजे शंभर मण्यांची साखळी शंभर तऱ्हांनी थरथरू शकते, पण प्रकाशाला त्यातल्या दोनच तऱ्हा ऐकू येतात. आपल्या सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला ज्याची घोषणा केली त्या रामन परिणामाने बघितलं तर आणखी एक, २०० अंशांची. बस्स.

माझ्यातला प्रोग्रॅमर इथे खुर्चीवरून उठला. अ‍ॅलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाची १०० मण्यांची साखळी घ्या. दर मण्यात १० अणू, प्रत्येक अणूच्या तीन दिशा, म्हणजे ३००० गुणिले ३००० ची मॅट्रिक्स. १९६० च्या दशकातल्या कम्प्युटरवर हे कोण सोडवणार? पण साखळी लांबच लांब आणि एकसारखी मानली, तर प्रत्येक मणी म्हणजे आधीच्याचीच कॉपी, फक्त १०० अंश वळवलेली आणि दीड अँगस्ट्रॉम पुढे सरकवलेली. मग एकाच मण्याचं गणित करायचं आणि शेजाऱ्याशी असलेला उशीर हा एक पॅरामीटर म्हणून पाठवायचा. मॅट्रिक्स उरते ३० गुणिले ३० ची. आपण कोडमध्ये एकच फंक्शन लिहून लूप फिरवतो ना, तसंच निसर्गाने आधीच करून ठेवलंय.

हे काम वर्षानुवर्षं करणारे लोक होते. लखनौ विद्यापीठात व्ही. डी. गुप्ता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक पॉलिपेप्टाइड साखळ्यांची अशी गणितं केली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सॅम्युएल क्रिम यांचा गट होता. या विषयाचा जो संदर्भग्रंथासारखा दीर्घ लेख मानला जातो तो १९८६ चा, सुमारे १८० पानांचा, आणि त्याचे लेखक दोन: क्रिम आणि जगदीश बांदेकर. बांदेकर! हे आडनाव वाचल्यावर मला एकदम सावंतवाडीच्या एसटीत बसल्यासारखं वाटलं. अ‍ॅन आर्बरच्या लॅबमध्ये अमाइड पट्ट्यांचे आकडे जुळवत बसलेला बांदेकर आडनावाचा माणूस, आणि इकडे माठात हात घालून डबा चाचपणारा माझा काका. दोघांचा प्रश्न एकच होता हे दोघांनाही माहीत नसणार.

आता इन्सुलिनकडे वळू. त्यातली मळसूत्रं आखूड, त्यामुळे लांब साखळीचे काटेकोर नियम इथे जरा विस्कटतात आणि पट्टा रुंद होतो. तरी खूण टिकते. २००० साली ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर डॉब्सन यांच्या गटाने आम्लात विरघळवलेलं इन्सुलिन ७० अंशांना तापवलं आणि ते बिघडताना इन्फ्रारेडने पाहिलं. मळसूत्राचा पट्टा विरत गेला आणि १६३० च्या अलीकडे सपाट पट्ट्यांचा नवा पट्टा उगवला. अर्थात आजीची बाटली म्हणजे आम्लही नाही आणि ७० अंशही नाहीत. पण रस्ता कुठे जातो ते त्या प्रयोगात दिसतं.

यात एक अडचण आहे आणि तिच्यावरचा उपाय थेट आपल्या रायगडात येऊन पोचतो. साधं पाणी स्वतःच १६४५ च्या आसपास इन्फ्रारेड शोषतं, म्हणजे नेमकं जिथे ऐकायचं तिथेच पाण्याचा कलकलाट. मग एक तर द्रावणाची फिल्म काही मायक्रॉन जाडीची ठेवायची, किंवा साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरायचं. त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असल्यामुळे त्याचा पट्टा घसरून १२१० च्या आसपास जातो आणि मैदान मोकळं होतं. जड पाण्याचा एक कारखाना अलिबागजवळ थळला आहे, १९८७ मध्ये सुरू झालेला, खताच्या कारखान्याला लागूनच. तिथलं जड पाणी मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी बनवलं गेलं. पण लहानपणापासून पेणहून थळकडे जाणारा रेल्वेचा फाटा बघत आलो, आणि त्या टोकाला बनणाऱ्या पाण्यात प्रथिनांचा आकार ऐकू येतो हे मला तिसाव्या वर्षाच्या तोंडावर कळलं.

आणि हे सगळं नुसतं कागदी नाही. २००३ मध्ये वोक्हार्टने भारतात बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, मग इतरही आले. एका कंपनीचं असं औषध दुसऱ्या कंपनीच्या मूळ औषधासारखंच आहे हे दाखवायचं तर मण्यांचा क्रम जुळवून भागत नाही. आकारही जुळवावा लागतो, आणि त्यासाठीच्या साधनांत इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी असते. त्या मोठ्या नावाच्या विषयाने आजीच्या बाटलीला असा आधीच हात लावलेला होता.

मग काकाच्या माठाचं काय? इथे जरा कोकणी हवामान मध्ये येतं. माठ गार होतो तो पाणी बाहेर झिरपून उडतं म्हणून. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात तो मस्त चालतो. जूनच्या रायगडात हवा आधीच ओलीचिंब, पाणी उडणार कुठे? त्यामुळे माठाने एखाद-दोन अंशच उतरवले असतील. पण वादळानंतर ढगाळ हवा होती, उन्हाळी तडाखा नव्हता, बाटल्या सावलीत होत्या आणि कोणी त्या हलवत नव्हतं. हे सगळं आजीच्या बाजूचं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत घरात दिवसरात्र तापमान २५ ते ३७ अंशांमध्ये खालीवर होतं. तसंच तापमान ठेवून त्यांनी उघडलेल्या बाटल्या चार आठवडे तपासल्या, आणि औषधाची ताकद फ्रिजमधल्या बाटल्यांइतकीच निघाली. जून २०२० मध्ये आम्हाला हे माहीत असतं तर काकाची झोप तरी नीट झाली असती.

बर्फाबद्दल मात्र आजीचं बरोबर होतं, कारण वेगळं असलं तरी. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वापरायचं नसतं. थेट बर्फात ठेवणं हे माठापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं.

अकराव्या दिवशी वीज आली. वहीतले आकडे मी नंतर एक्सेलमध्ये घातले (सवय!). १६० आणि १९० च्या मध्ये नेहमीसारखे हेलकावे होते, चढण नव्हती. आजीच्या बोटातून निघालेला रक्ताचा तो थेंब आमची स्पेक्ट्रोस्कोपी होती. खऱ्या यंत्राने इन्सुलिनचा आकार सुईच्या आधी पाहिला असता. आम्ही तो शरीरातून गेल्यानंतर, साखरेच्या आकड्यावरून ताडत होतो. उशिरा कळतं, पण घरात दुसरं साधन नाही, आणि ग्लुकोमीटर नसता तर आम्ही अंधारातच होतो. दोन्ही अर्थांनी.

गेली काही वर्षं मी मित्रांना हे सांगतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: पॉली-अ‍ॅलॅनिनच्या थरथरण्याची १८० पानं लिहून कोणाचं भलं होतं? मला वाटतं, १९८६ मध्ये बांदेकरांना हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांच्याकडे निडीचं नाव नसतं. असण्याची गरजही नव्हती. आकार शाबूत असल्याची खूण काय, हे कोणीतरी आधी चोख लिहून ठेवावं लागतं. मग ती खूण कुठल्या बाटलीत, कोणाच्या आजीसाठी बघायची हे पुढचे लोक ठरवतात.

तोपर्यंत तुमच्या-आमच्यासाठी साधी गोष्ट. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. उघडलेली किती दिवस आणि किती अंशांपर्यंत चालते ते तिच्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेकांवर चार आठवड्यांच्या आसपास. तो कागद फेकू नका. ऊन नको, गाडीचा डॅशबोर्ड नको, बाटली खदाखदा हलवणं नको, दुधाळ असेल तर तळव्यांमध्ये हळू फिरवा. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, ब्लॉगरला नाही. आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा. निडीला आता हे काम माझ्या चुलत बहिणीकडे आहे, आठवीत आहे ती. तारखेखाली ती आजीची त्या सकाळची साखरही लिहिते. कोणी सांगितलं नव्हतं.